टीआर-४८ चे एक पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक असोसिएट्स

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: महाविद्यालयाच्या नियंत्रण प्रयोगशाळेतील जुने सामान आवरताना भोकाभोकांची एक जाड पाटी सापडली, तिच्यात अजूनही रंगीत तारा खोचलेल्या आहेत आणि कडेच्या पट्टीवर ‘ईएआय’ आणि ‘टीआर-४८’ अशी अक्षरे आहेत. ही कंपनी कोणती, ती नेमके काय बनवत होती, आणि ‘डिजिटल संगणक आले म्हणून ती संपली’ यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही आहे का? शिवाय आपल्या देशाशी याचा धागा कुठे जुळतो का? मी नियंत्रण प्रणालींच्या प्रतिरूपणाच्या (म्हणजे खऱ्या प्रणालीची यंत्रावर नक्कल करून पाहण्याच्या) कामात उमेदवारी केली ती आकड्यांऐवजी व्होल्टेजवर गणित करणाऱ्या १० व्होल्टच्या अ‍ॅनालॉग यंत्रावर. पुढे तेच काम डिजिटल यंत्रांवर कसे गेले, तेही मी जवळून पाहिले. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

ईएआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक असोसिएट्स इन्कॉर्पोरेटेड. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक किनाऱ्याजवळच्या वेस्ट लाँग ब्रँच या गावी तिचा कारखाना होता आणि १९६० च्या दशकात सर्वसाधारण उपयोगाचे अ‍ॅनालॉग संगणक बनवणारी ती सर्वांत मोठी कंपनी होती. डिजिटलमुळे ती मागे पडली हे ढोबळमानाने खरे आहे. मात्र डिजिटल संगणक बाजारात विकत मिळू लागले त्यानंतर निदान पंधरा वर्षे ईएआय वाढतच गेली, आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या प्रयोगशाळेत डिजिटल यंत्र आणून बसवणाऱ्यांमध्ये ती स्वतःच आघाडीवर होती, या दोन गोष्टींचा उलगडा त्या एका वाक्याने होत नाही. माझ्या मते तिची खरी कहाणी याच दोन गोष्टींत आहे.

कंपनीची स्थापना १९४५ ची. लॉइड ख्रिश्चनसन हे तिचे संस्थापक आणि पुढे बराच काळ अध्यक्ष. जागा अशी की शेजारीच फोर्ट मॉनमथ हा अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन दलाचा मोठा तळ होता, आणि रडार व मोजमापाच्या उपकरणांवर काम केलेले अभियंते त्या परिसरात सहज मिळत. युद्धकाळात बेल प्रयोगशाळेने विमानवेधी तोफांसाठी एम-९ हा विद्युत नेमयंत्रक बनवला होता. त्यात बेरीज-वजाबाकी करणारे जे अ‍ॅम्प्लिफायर होते, त्यांची कल्पना कार्ल स्वार्टझेल यांची. १९४७ मध्ये रागाझिनी, रँडल आणि रसेल यांनी अशा अ‍ॅम्प्लिफायरांनी गतिशास्त्राची समीकरणे कशी सोडवता येतात यावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातूनच ‘ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर’ हे नाव रूढ झाले. आज दहा-वीस रुपयांना मिळणारी ऑप-अँपची चिप पाहताना तिचे नाव मुळात गणिती ‘ऑपरेशन’वरून आले आहे, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

या क्षेत्रात ईएआय पहिली नव्हती. बोस्टनचे जॉर्ज फिलब्रिक यांनी १९३८ मध्येच फॉक्सबरो कंपनीत ‘पॉलिफीमस’ हे प्रक्रिया-नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक प्रतिरूपक उभे केले होते, आणि पुढे त्यांनी के२-डब्ल्यू हा व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) सुटा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. न्यूयॉर्कच्या रीव्ह्ज कंपनीचा ‘रीॲक’ आणि गुडइयरचा ‘जेडा’ ही यंत्रे लष्करी कामांत आधीच रुळली होती. मग उशिरा आलेल्या ईएआयने या सगळ्यांना मागे कसे टाकले? माझे उत्तर असे, की तिने संगणकाकडे मोजमापाचे उपकरण म्हणून पाहिले. तिच्या आरंभीच्या मालात कागदावर आलेख काढणारे मोठे टेबल होते. ‘व्हॅरिप्लॉटर’ या नावाने ते पुढे कित्येक वर्षे खपले. अचूक मोजणे आणि अचूक रेघ ओढणे हा ज्या कारखान्याचा हातखंडा, त्याने अ‍ॅनालॉग संगणकाची दुखरी नस बरोबर ओळखली.

ती दुखरी नस म्हणजे ड्रिफ्ट. समजा, एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरला आत काहीच दिलेले नसताना बाहेर काही मिलिव्होल्ट दिसत आहेत. बेरीज करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती चूक तेवढीच राहते. इंटिग्रेटरमध्ये (म्हणजे आत येणारे व्होल्टेज वेळेबरोबर साठवत जाणाऱ्या घटकात) मात्र ती सेकंदागणिक साचत जाते, आणि मिनिटभराच्या गणितात उत्तराची वाट लागते. आरसीए कंपनीचे एडविन गोल्डबर्ग यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय काढला: मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडीला चॉपरवर (झपाट्याने उघडझाप करणाऱ्या स्विचवर) चालणारा दुसरा मंद अ‍ॅम्प्लिफायर लावायचा आणि त्याने ही शून्याची चूक सतत मागे ढकलत राहायची. ही युक्ती ईएआयने ‘पेस’ या नावाच्या आपल्या यंत्रमालेत पक्की बसवली. शिवाय गणिताचा सगळा भार ज्यांच्यावर असतो ते रेझिस्टर आणि कपॅसिटर तिने निवडून घेतले, जुळवून घेतले आणि स्थिर तापमानाच्या पेटीत बंद केले, म्हणजे खोली गरम असो वा गार, १ मेगओहम आणि १ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार १ सेकंदच राहावा. प्रत्येक घटकाची अचूकता ०.०१ टक्क्याच्या आसपास असावी ही तिची अट होती. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते मुख्यतः या पेटीसाठी, असे मी म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

आता आपल्या हातात जे पॅनेल आहे त्याचा अर्थ कळावा म्हणून एक छोटे गणित प्रत्यक्ष मांडून दाखवतो, कारण हे यंत्र काय होते ते वर्णनाने कळत नाही. मोटारीच्या एका चाकावरचा भार २५० किलो, स्प्रिंगचा ताठरपणा १६,००० न्यूटन प्रति मीटर आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा गुणक १,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर धरू. भागून घेतले की प्रवेग = –४ × वेग – ६४ × विस्थापन हे समीकरण मिळते. मोटार १० सेंटिमीटर दाबून सोडली, तर विस्थापन ०.१ मीटरच्या वर जाणार नाही आणि वेग १ मीटर प्रति सेकंदाच्या आत राहील. म्हणून ०.१ मीटर म्हणजे १० व्होल्ट, आणि १ मीटर प्रति सेकंद म्हणजेही १० व्होल्ट, असे माप ठरवायचे. या मापात समीकरण लिहिले की ६४ चे ६.४ होतात, ४ चे ४ राहतात, आणि वेगाकडून विस्थापनाकडे जाताना १० ने गुणावे लागते. मग पहिल्या इंटिग्रेटरच्या १० पटीच्या (आत येणारे व्होल्टेज दहापट करणाऱ्या) दोन भोकांत दोन तारा जातात: एक ०.४०० वर लावलेल्या पॉटमधून (पॉट म्हणजे व्होल्टेजचा हवा तेवढाच अंश पुढे सोडणारे फिरवायचे बटण) वेगाची आणि दुसरी ०.६४० वर लावलेल्या पॉटमधून विस्थापनाची. त्याच्या बाहेर वेग मिळतो, तो दुसऱ्या इंटिग्रेटरच्या १० पटीच्या भोकात सरळ जातो. इंटिग्रेटर चिन्ह उलटवतो, म्हणून दुसऱ्याच्या बाहेर उणे विस्थापन येते. ते एका इन्व्हर्टरमधून सुलटे करून पहिल्याकडे परत न्यायचे. तीन अ‍ॅम्प्लिफायर, दोन पॉट, सुरुवातीच्या स्थितीसाठी एक तार, आणि झाले.

यंत्र ‘ऑपरेट’वर टाकले की व्होल्टमीटरचा काटा १० वरून खाली येतो, शून्य ओलांडून सुमारे ४.४ व्होल्टपर्यंत दुसऱ्या बाजूला जातो आणि हेलकावे लहान होत होत शांत होतो. एक हेलकावा सुमारे ०.८१ सेकंदाचा, म्हणजे खऱ्या मोटारीचा जेवढा तेवढाच. आलेखाच्या पेनला हा वेग झेपत नसेल, तर १० पटीच्या भोकांतल्या तिन्ही तारा उपटून १ पटीच्या भोकांत घालायच्या. पॉटला हात लावायचा नाही. तेच उत्तर दहापट सावकाश उमटते. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर मऊ केला तर काय होईल, असे कुणी विचारले की ०.४०० चा पॉट फिरवायचा आणि काटा काय करतो ते बघायचे. हाताने गुणांक फिरवून परिणाम त्याच क्षणी डोळ्यांसमोर पाहणे, ही सोय त्या काळच्या बहुतेक डिजिटल यंत्रांवर नव्हती. तिथे कार्डे पंच करून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी आकड्यांचा गठ्ठा घरी न्यायचा.

मात्र हे सुख फुकट मिळत नसे. वर जे माप ठरवले ते आधी अंदाजाने ठरवावे लागते, आणि अंदाज चुकला की अ‍ॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेला जाऊन भिडतो, ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. माझी स्वतःची एक फजिती सांगतो. नवखा असताना मी एक ५ किलोओहमचा पॉट तबकडी पाहून ०.५०० वर ठेवला आणि तार १० पटीच्या भोकात घातली, ज्याच्या मागे १० किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्या भाराने पॉटमधून प्रत्यक्षात ०.४४४ च बाहेर पडत होते, आणि माझी प्रणाली कागदावरच्या प्रणालीशी का जुळत नाही हे शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला. पॉट नेहमी भार जोडून, मीटरवर पाहून लावायचा असतो. तबकडीवरचा आकडा हा केवळ पत्ता असतो. शंभर पॉट असलेल्या यंत्रावर हे काम हाताने करणे किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करा. म्हणूनच ईएआयच्या मोठ्या यंत्रांत आकडा दाबला की मोटर पॉट फिरवून बरोबर जागी आणून ठेवत असे.

आणि पॅनेल काढता येत असे, ही दुसरी मोठी गोष्ट. यंत्र अतिशय महाग, त्याला रिकामे ठेवणे परवडत नाही. म्हणून अभियंता आपल्या टेबलावर बसून सावकाश तारा खोचणार, पाळी आली की पॅनेल यंत्रात सरकवणार, काम झाले की काढून कपाटात ठेवणार. थोडक्यात, पॅनेल म्हणजे प्रोग्राम, आणि कपाट म्हणजे प्रोग्रामांचे भांडार. ईएआयने यातून एक वेगळाच धंदा उभा केला. १९५४ मध्ये तिने प्रिन्स्टन येथे गणनकेंद्र उघडले, जिथे यंत्र विकत न घेता तासाच्या हिशेबाने वापरता येई आणि समीकरणे मांडून द्यायला कंपनीचे जाणकार हजर असत. १९५७ मध्ये तसेच केंद्र ब्रुसेल्सला निघाले. युरोपातील अणुभट्टी आणि रसायन उद्योगातल्या अनेकांनी अ‍ॅनालॉग संगणन तिथे पहिल्यांदा अनुभवले. गिऱ्हाईक आधी भाड्याने येणार, हळूहळू त्याला सवय लागणार आणि मग तो स्वतःचे यंत्र मागवणार, हा व्यापार पुढे संगणकाच्या सगळ्याच धंद्यात ओळखीचा झाला.

पेस मालेतले २३१आर हे व्हॉल्व्हचे, १०० व्होल्टचे यंत्र कंपनीच्या कीर्तीचा कळस म्हणावे असे. अमेरिकेच्या हवाई आणि अंतराळ संस्थांत ते जागोजाग होते. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावरच्या नासाच्या उड्डाण संशोधन केंद्रात एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या प्रतिरूपणासाठी अशीच यंत्रे वापरली गेली. १९५९ ते १९६८ या काळात एक्स-१५ ची १९९ उड्डाणे झाली. प्रत्येक उड्डाण जेमतेम दहा-बारा मिनिटांचे. पण त्यासाठी वैमानिक कित्येक तास जमिनीवरच्या खुर्चीत बसून सराव करत, आणि त्यांच्या हातातल्या दांड्याला जी विमानाची चाल प्रतिसाद देई ती या अ‍ॅम्प्लिफायरांत, खऱ्या वेळेत घडत असे. विमानाची सहाही गतिसमीकरणे एकाच वेळी, एकमेकांत गुंतलेली, सोडवायची आणि वैमानिकाला कुठेही अडखळल्यासारखे वाटू द्यायचे नाही, हे काम १९६० च्या आसपासच्या डिजिटल संगणकाच्या आवाक्यात नव्हते. याचे कारण साधे आहे. अ‍ॅनालॉग यंत्रात समीकरणे वाढली की अ‍ॅम्प्लिफायर वाढवावे लागतात, वेळ तेवढाच राहतो, कारण सगळे एकदमच चालतात. डिजिटल यंत्रात एकच गणक एकेक गुणाकार ओळीने करतो, म्हणून समीकरणे वाढली की वेळ वाढतो.

ट्रान्झिस्टरचे पर्व ईएआयने लवकर ओळखले. टीआर-१० हे टेबलावर मावणारे, २० अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत वाढवता येणारे यंत्र १९६० च्या सुमारास आले आणि विद्यापीठांनी ते उचलून धरले. टीआर-४८ हा त्याच घराण्यातला थोरला भाऊ. आपले पॅनेल त्याचे आहे. १०० व्होल्टच्या जागी १० व्होल्ट आल्यामुळे यंत्र लहान, थंड आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला निर्धोक झाले. मोठ्या कामांसाठी ८८०० हे १०० व्होल्टचेच पण ट्रान्झिस्टरचे यंत्र १९६० च्या दशकाच्या मध्यास निघाले, आणि त्यापाठोपाठ ६८० आणि ५८० ही १० व्होल्टची मध्यम यंत्रे.

आता हायब्रीडकडे, म्हणजे दोन्ही प्रकारची यंत्रे जोडून केलेल्या संगणकाकडे येतो, कारण कंपनीचे भवितव्य इथे ठरले. अ‍ॅनालॉगची अचूकता फार तर हजारात एक, उत्तम निगा राखली तर दहा हजारात एक. क्षेपणास्त्राच्या स्वयंचालकाची झटपट वळवळ पाहायला तेवढी पुरते. पण तेच क्षेपणास्त्र हजारो किलोमीटरवर कुठे पडेल हे सांगायला अजिबात पुरत नाही. उलट, त्या लांबच्या मार्गाचे गणित सावकाश बदलते, म्हणून ते डिजिटल यंत्राला निवांत जमते. मग दोघांनी काम वाटून घ्यावे ही कल्पना अगदी स्वाभाविक होती. ईएआयने आधी ‘हायडॅक’ या नावाने २३१आर ला डिजिटल तर्कपरिपथांची जोड दिली. त्यातील हायडॅक २४०० मध्ये डिजिटल भाग हा कॉम्प्युटर कंट्रोल कंपनीचा डीडीपी-२४ संगणक होता. पुढे ८९०० या प्रणालीत तिने ८८०० च्या शेजारी स्वतः बनवलेला ८४०० हा डिजिटल संगणक उभा केला, आणि ६९० मध्ये ६८० च्या जोडीला स्वतःचाच ६४० दिला. अ‍ॅम्प्लिफायर आणि आलेख-टेबले बनवणारी कंपनी आता डिजिटल संगणक, त्यांचे कंपायलर, त्यांची देखभाल या सगळ्यात उतरली. हा पसारा मोठमोठ्या संगणक कंपन्यांनाही जड जात होता. माझ्या मते इथे तिने आपल्या अंथरुणाबाहेर पाय पसरले, आणि तेही अशा मैदानात जिथे तिचा हातखंडा, म्हणजे तापमान राखणारी पेटी आणि निवडक रेझिस्टर, काही उपयोगाचा नव्हता.

हायब्रीडमध्ये काम करणे तांत्रिकदृष्ट्या फार आनंदाचे आणि तितकेच त्रासाचे होते. डिजिटल भाग ठरावीक अंतराने अ‍ॅनालॉगचे व्होल्टेज वाचतो, गणित करतो आणि उत्तर पुन्हा व्होल्टेज करून बाहेर देतो. हे अंतर २० मिलिसेकंद असेल, तर गणिताला लागणारे २० आणि उत्तर पायरीसारखे धरून ठेवल्यामुळे सरासरी आणखी १०, असा ३० मिलिसेकंदांचा उशीर वळशात (उत्तर फिरून परत आत येण्याच्या वाटेत) घुसतो. सेकंदाला एक हेलकावा घेणाऱ्या प्रणालीत त्याचा अर्थ १०.८ अंशांची पिछाडी, आणि एरवी स्थिर असलेले विमान कागदावर डगमगू लागते. दोष विमानात आहे की जोडणीत, हे ओळखायला अनुभव लागे. मागची दोन वाचने वापरून पुढचा अंदाज बांधून हा उशीर भरून काढण्याच्या युक्त्या आम्ही शिकलो. खऱ्या वेळेत चालणाऱ्या प्रतिरूपणात त्या आजही जशाच्या तशा वापरल्या जातात.

दुसरा परिणाम मात्र कारखान्याच्या हिशेबात बसणारा नव्हता. हायब्रीड घेतलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आता फोर्ट्रान ही संगणकाची भाषा जाणणारी माणसे आली. डिजिटल यंत्र पॉट लावू लागले, तपासण्या करू लागले, एका रात्रीत शेकडो आवृत्त्या चालवून सर्वोत्तम गुणांक निवडू लागले, आणि डिजिटलचा वेग दर काही वर्षांनी वाढत गेला तसतसा समीकरणांचा एकेक तुकडा अ‍ॅनालॉगकडून त्याच्याकडे सरकत गेला. आधी वातावरणाची घनता, मग वायुगतिकीय गुणांकांची कोष्टके (डायोडच्या फंक्शन जनरेटरवर ती बसवणे म्हणजे हाताने दहा-वीस स्क्रू पिळत वक्ररेषा आकाराला आणणे), मग निर्देशकांचे रूपांतर. शेवटी अ‍ॅनालॉगकडे मोजकेच झटपट वळसे उरले. गिऱ्हाईक कधी एका झटक्यात सोडून गेले नाही. ईएआयनेच पुरवलेल्या केबलवरून ते सावकाश पलीकडे चालत गेले.

त्याच सुमाराला दुसऱ्या बाजूनेही वाट तयार होत होती. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राइट-पॅटरसन हवाई तळावर ‘मिडास’ ही भाषा निघाली. तिच्यात इंटिग्रेटर, समर (बेरीज करणारा घटक), पॉट यांची नावे लिहून जोडणी सांगितली की डिजिटल संगणक अ‍ॅनालॉगची नक्कल करी. १९६७ मध्ये प्रतिरूपणाच्या भाषांचा सीएसएसएल हा सामायिक आराखडा प्रसिद्ध झाला आणि आयबीएमची सीएसएमपी ही तशीच भाषा लोकप्रिय झाली. या भाषांत माप ठरवावे लागत नव्हते, ओव्हरलोडचा दिवा नव्हता, आणि सहा महिन्यांनी तेच कार्डांचे पाकीट दिले की शेवटच्या आकड्यापर्यंत तेच उत्तर येई. वेग कमी होता हे खरे. पण बहुतेक अभियंत्यांना खरी वेळ कधीच नको होती. त्यांना सोय हवी होती. आज ज्या आकृतीत चौकोन जोडून नियंत्रण प्रणाली मांडतात, त्यातला इंटिग्रेटरचा चौकोन म्हणजे आपल्या पॅनेलचाच कागदी वारस आहे.

ईएआयने १९७० च्या दशकात ‘पेसर’ मालिका काढली. १९८० च्या दशकात ‘सिमस्टार’ आणले, ज्यात तारांचे पॅनेल जाऊन त्याची जागा इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या जाळ्याने घेतली आणि प्रोग्रामच स्वतःची जोडणी करू लागला. माझ्या मते ते अ‍ॅनालॉग तंत्राचे सर्वांत पुढारलेले रूप होते. पण तोवर विकत घेणारे थोडेच उरले होते. कंपनी हळूहळू दुसऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक जोडणी करून देण्याच्या धंद्याकडे वळली आणि १९९० च्या दशकात ईए इंडस्ट्रीज या नावाने तोच तिचा मुख्य व्यवसाय झाला. तिची प्रतिस्पर्धी, मिशिगनच्या ॲन आर्बरमधली अप्लाइड डायनॅमिक्स, हिने मात्र वेगळी वाट धरली. मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट हाव आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये काढलेल्या या कंपनीने आधी उत्तम अ‍ॅनालॉग यंत्रे बनवली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडी-१० हा संपूर्ण डिजिटल, पण केवळ खऱ्या वेळेतील प्रतिरूपणासाठी घडवलेला संगणक आणला. तिने आपला धंदा ‘अ‍ॅम्प्लिफायर’ न मानता ‘खरी वेळ’ मानला, आणि ती त्या कामात टिकली. म्हणून ‘डिजिटलने मारले’ हे उत्तर मला पटत नाही. त्याच लाटेत एक कंपनी तरली आणि एक कलंडली.

आपल्याकडे याचा धागा कुठे जुळतो, असेही आपण विचारले आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ मध्ये दहा अज्ञातांची एकघाती समीकरणे सोडवणारे छोटे अ‍ॅनालॉग यंत्र बनवले. १९५४-५५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिन्सेंट राइडआउट बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले ते फिलब्रिकचे अ‍ॅम्प्लिफायर सोबत घेऊनच, आणि त्यातून तिथे ‘प्रेडा’ नावाचे यंत्र उभे राहिले. पुढे भारतात संगणकशिक्षणाचा पाया घालणारे वैद्येश्वरन राजारामन यांनी विद्यार्थिदशेत त्यावर काम केले. तुर्भ्याच्या अणुकेंद्रातील इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या कामातून १९६७ मध्ये हैदराबादची ईसीआयएल उभी राहिली. तिने बनवलेले अ‍ॅनालॉग संगणक देशातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचले. आपल्या वरिष्ठ प्राध्यापकांना विचारले तर त्यांच्या हातांनीही बहुधा कधीतरी पॉट फिरवलेले असतील.

राहिले आपले पॅनेल. त्यातल्या तारा कृपया उपटू नका. यंत्र भंगारात गेले असले तरी त्या तारांमध्ये कुणाचे तरी समीकरण अजून शाबूत आहे. आधी भरपूर उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, आणि मग प्रत्येक तार कोणत्या भोकातून कोणत्या भोकात जाते त्याची यादी एका कागदावर उतरवून काढा. हे काम दोघांनी करावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. यादीतून इंटिग्रेटर किती वापरले ते मोजा, म्हणजे समीकरण कितव्या कोटीचे आहे ते कळेल. ज्या तारा पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मागे फिरून येतात ते वळसे, आणि गुणक (दोन व्होल्टेजांचा गुणाकार करणारा घटक) वापरलेला असेल तर समीकरण एकघाती नाही. आकडे मात्र पॅनेलवर मिळणार नाहीत. ते यंत्रातल्या पॉटवर होते आणि त्यांची नोंद ‘पॉट शीट’ नावाच्या छापील तक्त्यावर ठेवण्याची रीत होती. प्रयोगशाळेच्या जुन्या फायली चाळताना पॉटचा क्रमांक, गुणांक आणि शेवटी एक रिकामा रकाना अशी मांडणी असलेला पिवळा पडलेला कागद दिसला, तर तो टाकू नका. पॅनेलच्या पाठीला पाकिटात घालून चिकटवून ठेवा.